सुई, दिवा आणि नाव

(महिला संघटनांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या अभ्यासशिबिरातील भाषणाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे 'इनुइट समाजातील स्त्रिया' असा विषय बघून सकाळी चहाच्या वेळी काहीजणींनी मला विचारलं, "ताई, हे कुठलं काढलंत मध्येच?" प्रश्न रास्त आहे. मी मानववंशशास्त्राची अभ्यासक नाही. उत्तर ध्रुवाकडे मी गेलेले नाही, जाण्याची शक्यताही नाही. मी शिवण शिकवते. आपल्या संघटनेच्या केंद्रावर पंचवीसहून जास्त वर्षं शिवणवर्ग घेते आहे. आणि खरं सांगायचं तर त्यातली बरीच वर्षं मला या कामाची थोडी लाजच वाटायची. मोर्चे काढणाऱ्या, कोर्टात जाणाऱ्या, कायद्याचे मसुदे तपासणाऱ्या मैत्रिणी एकीकडे, आणि मी काजं कशी करायची ते शिकवणारी. 'बायकांना तेच शिवणकाम आणि तेच पापड-लोणचं' अशी टीका मीसुद्धा सभेत केलेली आहे, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन वर्गाचं कुलूप उघडलेलं आहे.

काही वर्षांपूर्वी एका मैत्रिणीने परदेशातून आणलेलं एक पुस्तक मला दिलं. त्यात कातड्याचे कपडे शिवायच्या टाक्यांची चित्रं होती. इंग्रजी समजायला वेळ लागला, टाका लगेच समजला. तिथून मी या लोकांबद्दल मिळेल ते वाचत गेले. त्यातलं जे आपल्या कामाचं वाटलं, ते आज सांगणार आहे.

आपण शाळेत 'एस्किमो' म्हणून शिकलो ते हे लोक. ते नाव बाहेरच्यांनी दिलेलं. कॅनडात आणि ग्रीनलंडमध्ये आता ते अपमानाचं मानतात. ते स्वतःला 'इनुइट' म्हणतात. इनुइट म्हणजे माणसं. एकच माणूस असेल तर 'इनुक'. अलास्का, कॅनडाचा उत्तरेकडचा भाग, ग्रीनलंड आणि रशियाच्या पूर्व टोकाचं चुकोटका असा त्यांचा मुलूख पसरलेला आहे. सगळे मिळून सुमारे १ लाख ८० हजार. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहरात मावतील एवढेच.

भूगोलाच्या पुस्तकातलं चित्र आठवतं का? बर्फाचं घुमटासारखं घर, आणि दारात भाला घेऊन उभा असलेला पुरुष. ते चित्र तसं अर्धवटच आहे. 'इग्लू' या शब्दाचा त्यांच्या भाषेत अर्थ नुसता 'घर'. बर्फाची घरं मुख्यतः कॅनडाच्या आर्क्टिक भागातली, तीही हिवाळ्यापुरती. उन्हाळ्यात कातड्याचे तंबू असत. ग्रीनलंड आणि अलास्कात तर दगडामातीची घरं बांधत. पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. त्या पुरुषाच्या अंगावर पायापासून डोक्यापर्यंत कपडे आहेत. ते कुणी शिवले, हे पुस्तकात कुठेच नव्हतं, आणि आम्हीही बाईंना विचारलं नाही.

सुई

तिकडे हिवाळ्यात तापमान शून्याखाली चाळीस अंशांपर्यंत उतरतं. आपल्याकडे शिवण उसवली तर चारचौघांत लाज जाते. तिथे जीव जातो. सील हा काही मासा नाही. समुद्रात राहणारा, पण हवेत श्वास घेणारा प्राणी आहे. म्हणून गोठलेल्या समुद्रात तो श्वासासाठी भोकं राखून ठेवतो. शिकारी अशा एखाद्या भोकापाशी तासन् तास न हलता उभा राहतो. सील मिळणार की नाही हे त्याच्या भाल्यावर जेवढं अवलंबून, तेवढंच त्याच्या बुटाच्या शिवणीवर.

हिवाळ्याचे कपडे दोन पदरी, कॅरिबूच्या कातड्याचे. कॅरिबू म्हणजे रेनडिअरच्या जातीचं रानहरीण. आतल्या कपड्याची लव अंगाकडे, बाहेरच्याची बाहेर. मध्ये हवा कोंडून राहते, तीच ऊब. कातडं उन्हाळा सरतानाचं हवं. ते खरवडायचं, वाळवायचं, मऊ करायचं. बुटाच्या तळव्याचं कडक कातडं दातांनी चावून चावून वळवायचं. म्हाताऱ्या बायकांचे दात या कामाने पार झिजून गेलेले असत. कापायला 'उलू', म्हणजे बाईची सुरी. अर्धचंद्रासारखं पातं आणि वर मधोमध मूठ. दोरा कॅरिबूच्या पाठीच्या कण्यालगतच्या कंडरांचे तंतू काढून केलेला. सुई हाडाची किंवा वॉलरसच्या सुळ्याची, पुढच्या काळात धातूची. माप वितीने आणि नजरेने.

आता तो टाका सांगते. सीलच्या कातड्याचे बूट पाण्यातून चालायचे असतात. सुईने कातड्याला आरपार भोक पाडलं की तिथून पाणी येणार. म्हणून या बायका सुई कातड्याच्या जाडीतूनच चालवतात, दुसऱ्या बाजूला बाहेर काढत नाहीत. एका बाजूने अशी एक शिवण, मग दुसऱ्या बाजूने दुसरी. आरपार भोक कुठेच नाही. शिवाय कंडराचा दोरा ओला झाला की फुगतो आणि टाक्याचं भोक आपोआप बुजतं. मी घरी जुन्या चामड्याच्या तुकड्यावर हा टाका घालून बघितला. दोन इंच शिवायला संध्याकाळ गेली आणि तरी सुई तीन ठिकाणी आरपार गेली होती.

कॅनडाच्या मध्य आर्क्टिकमध्ये आणखी एक नियम असे. हिवाळ्यात सील मारायला समुद्रावरच्या बर्फात मुक्काम हलवण्याआधी कॅरिबूची सगळी शिवण संपली पाहिजे. समुद्रावर गेल्यावर ते कातडं शिवायचं नाही. म्हणजे नवरा, मुलं, म्हातारी माणसं, सगळ्यांचे कपडे, बूट, हातमोजे शरद ऋतूतल्या थोड्या आठवड्यांत पुरे करायचे. एका बाईच्या सुईसाठी अख्खं कुटुंब थांबायचं.

'अमाउती' नावाचा बायकांचा अंगरखा तर मला फारच शहाणपणाचा वाटतो. पाठीवर मोठ्या टोपीखाली एक पिशवी शिवलेली असते. बाळ त्यात आईच्या पाठीला चिकटून बसतं. कमरेला पट्टा, म्हणजे ते खाली घसरत नाही. खांदे इतके ऐसपैस की अंगरखा न काढता बाळाला आतल्या आत पुढे घेऊन पाजता येतं. बाहेर हिमवादळ असलं तरी बाळाला वारा लागत नाही. १९९९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका फॅशन कंपनीसाठी तिकडचे पारंपरिक कपडे विकत घेतले गेले, तेव्हा कॅनडातल्या इनुइट स्त्रियांची 'पाउक्तूतित' ही संघटना उभी राहिली. तिची स्थापना १९८४ ची. त्यांनी विचारलं, हे डिझाइन कुणाचं? कायदा म्हणतो, एका माणसाचं नाव सांगा. त्या म्हणाल्या, आमच्या आज्यापणज्या सगळ्यांचं. हा प्रश्न कायद्याला अजून नीट सोडवता आलेला नाही.

आता दोन बायकांची ओळख करून देते.

पहिली एडा ब्लॅकजॅक. अलास्कातल्या इन्युपिआत समाजातली, जन्म १८९८. नवऱ्याने टाकलेली. आपल्या भाषेत परित्यक्ता. तीन मुलांतलं एकच जगलेलं, त्यालाही क्षय. १९२१ मध्ये चार गोरे पुरुष सायबेरियाच्या उत्तरेला रँगल बेटावर मोहिमेला निघाले होते. त्यांना कातड्याचे कपडे शिवणारी बाई हवी होती. महिना पन्नास डॉलरवर ती गेली, मुलाच्या औषधपाण्यासाठी. मुलाला अनाथाश्रमात ठेवावं लागलं. एडा मिशनऱ्यांकडे वाढलेली. तिला शिवण येत होती, शिकार येत नव्हती. अस्वलांची तर तिला भयंकर भीती. पुढच्या वर्षी रसद घेऊन येणारं जहाज बर्फामुळे पोचलंच नाही. जानेवारी १९२३ मध्ये तिघेजण मदत आणायला बर्फावरून निघाले ते पुन्हा कुणाला दिसले नाहीत. चौथा आजारी होता. एडाने त्याची सेवा केली, सापळे लावून कोल्हे धरायला शिकली, बंदूक चालवायला शिकली. जूनमध्ये तोही गेला. ऑगस्टमध्ये जहाज आलं तेव्हा बेटावर ती एकटी आणि एक मांजर जिवंत होती. परत आल्यावर वर्तमानपत्रांनी तिला आधी डोक्यावर घेतलं, आणि मग आजाऱ्याची नीट देखभाल केली नाही म्हणून आरोपही केले. पैसे मात्र तिला फारसे मिळाले नाहीत. मुलाला घेऊन ती उपचारांसाठी सिॲटलला गेली. १९८३ मध्ये वारली.

दुसरी आर्नारुलुंगुआक. ग्रीनलंडची. क्नुद रासमुसेन या संशोधकाने १९२१ ते १९२४ या काळात मोठी मोहीम काढली आणि हडसन उपसागराकडून अलास्कापर्यंत कुत्र्यांच्या गाडीने प्रवास केला. त्याचं नाव सगळ्या पुस्तकांत आहे. त्याच्या बरोबर हा सगळा प्रवास दोन ग्रीनलंडवासीयांनी केला, त्यातली एक ही बाई. मोहिमेत सामील झालेला तिचा नवरा सुरुवातीलाच वारला, तरी ती थांबली नाही. शिवणं, रांधणं, कातडी वाळवणं तिच्याकडे. तिच्या शिवणीत बसून ती मोहीम पार पडली असं मी म्हणते.

आणि एक आपल्यासारख्या चळवळीतल्या लोकांसाठी. सीलच्या पिल्लांच्या शिकारीविरुद्ध प्राणिप्रेमी संघटनांनी जोरदार मोहीम चालवली. १९८३ मध्ये युरोपने पिल्लांच्या कातड्यांवर बंदी घातली, २००९ मध्ये सीलच्या सगळ्याच मालावर. इनुइटांना सवलत कागदावर ठेवली. पण बाजारच कोसळला. ज्या पिल्लांवरून रान उठलं होतं ती इनुइट मारतच नव्हते. ते मोठे सील मारतात, मांस खातात, कातडं वापरतात. कातडं विकून येणारा पैसा गेला, शिवणाऱ्या बायकांचं उत्पन्न गेलं. मोहीम चालवणारे चांगल्या हेतूचे होते. त्यांनी फक्त या बायकांना विचारलं नव्हतं.

दिवा

बाईच्या मालकीची दुसरी वस्तू म्हणजे 'कुल्लिक', दगडी दिवा. मऊ दगड कोरून केलेलं अर्धचंद्राच्या आकाराचं उथळ पात्र. त्यात सीलच्या चरबीचं तेल. कडेला शेवाळ आणि तिकडच्या एका रानफुलाचा कापूस यांची वात. वात एका काडीने सारखी करत राहावी लागते, नाहीतर काजळी धरते. झाडं नाहीत, सरपण नाही. हाच उजेड, हीच शेगडी. वरती भांडं टांगलेलं, त्यात बर्फ वितळवून प्यायचं पाणी आणि मांस शिजवणं. त्याच्याही वर ओले बूट आणि मोजे वाळत घातलेले. दिवा विझला की घर संपलं.

घरात आलेल्या सीलचे वाटे कसे पडायचे तेही ठरलेलं असे. शिकार केली म्हणून मांस एकट्याचं होत नाही. नातेवाइकांना, शेजाऱ्यांना, शिकार न मिळालेल्याला हिस्सा जातोच. कापणी आणि वाटप बहुतेक ठिकाणी घरातली वडील बाई करी. कुणाच्या घरी चूल थंड आहे, हे तिला माहीत असे.

आज नुनावुतमध्ये सभा-समारंभाच्या सुरुवातीला एखादी वडीलधारी बाई येऊन कुल्लिक पेटवते. स्वतःच्या हाताने वात लावते, सारखी करते आणि त्याबद्दल दोन शब्द बोलते. आपल्याकडे समईला तेल घालणारी एक, वाती वळणारी दुसरी, आणि प्रमुख पाहुणे येऊन पुढे केलेल्या मेणबत्तीने पेटवतात. फोटो त्यांचा.

आता तुम्ही म्हणाल, ताई तर त्या समाजाच्या प्रेमातच पडल्या. नाही. मुलींची लग्नं लहानपणीच ठरवून ठेवत. मारहाण होती. रासमुसेननेच नेत्सिलिक लोकांमध्ये नवजात मुलींना मरायला सोडून दिल्याच्या नोंदी करून ठेवल्या आहेत. उपासमारीच्या मुलखात, शिकारी मुलगा हवा म्हणून. लोकांनी त्याची कारणं सांगितली, त्याने ती लिहून घेतली. कारणं सांगितली म्हणून त्या मुली परत येत नाहीत. गर्भलिंगचाचणीविरुद्धचा १९८८ चा कायदा ज्यांनी रस्त्यावर उतरून मिळवला, त्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको. जिच्या सुईवाचून पुरुष एक दिवस जगू शकत नव्हता, तिचा जन्म तिथेही नकोसा होऊ शकत होता. काम मोलाचं असणं आणि बाईला मोल असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी मी त्याकडे परत येणार आहे.

नाव

तिसरी गोष्ट नावाची. तिकडे बाळाला बहुधा नुकत्याच वारलेल्या माणसाचं नाव देत. नावाबरोबर त्या माणसाचं काहीतरी बाळात येतं अशी समजूत, आणि नातीही येतात. नावाला बाईचं-पुरुषाचं असा भेद नाही. त्यांच्या भाषेत 'तो' आणि 'ती'सुद्धा वेगळे नाहीत. आजोबांचं नाव लाभलेल्या मुलीला तिची आई 'बाबा' म्हणून हाक मारणार. अशा काही मुलींना लहानपणी मुलासारखे कपडे घालत, शिकारीला नेत. वयात आल्यावर मात्र बहुतेकींना सुईकडे वळावं लागे. तेव्हा इथेही फार हुरळून जाऊ नका. पण आपल्याकडे लग्न झालं की बाईचं नावसुद्धा तांदळात लिहून बदलतात, त्या आपण जरा थांबून विचार करावा असं हे आहे.

कॅनडाच्या सरकारला या नावांचा उपद्रव झाला. आडनाव नाही, उच्चार येत नाही, नोंदी कशा ठेवायच्या? १९४१ पासून प्रत्येक इनुकला एक गोल चकती दिली, गळ्यात घालायची. तिच्यावर एक अक्षर आणि आकडा. सरकारदरबारी तोच माणूस. पुढे १९६८ ते १९७१ या काळात चकत्या काढून सगळ्यांना आडनावं द्यायची मोहीम झाली. आडनाव आलं ते बापाचं किंवा नवऱ्याचं. ज्या समाजात नावाला लिंगच नव्हतं, तिथे बाई कागदावर कुणाची तरी बायको किंवा मुलगी झाली.

मग माणसंही आकड्यांसारखी हलवली. १९५३ आणि १९५५ मध्ये क्वेबेकच्या उत्तरेकडच्या इनुकजुआकहून काही कुटुंबं सुमारे दोन हजार किलोमीटर आणखी उत्तरेला, रेझोल्यूट आणि ग्रीस फ्योर्डला नेऊन सोडली. शिकार भरपूर आहे, दोन वर्षांनी परत आणू, असं आश्वासन. महिनोन् महिने सूर्य न उगवणारी जागा. कुटुंबांची ताटातूट होणार हे त्यांना जहाजावरच कळलं. परत आणणं झालं नाही. सरकारने माफी मागितली २०१० मध्ये. आता ग्रीस फ्योर्डला बाई आणि मुलाचा पुतळा आहे, तो रेझोल्यूटच्या दिशेने बघतो. रेझोल्यूटला एकट्या पुरुषाचा पुतळा, तो ग्रीस फ्योर्डकडे.

क्षयाच्या साथीत तेच. तपासणीचं जहाज यायचं, एक्स-रे काढायचे, आणि रोग निघाला तर माणसाला किनाऱ्यावर निरोप घ्यायलाही परत उतरू द्यायचे नाहीत. १९५६ च्या सुमारास दर सात इनुइटांतला एक दक्षिणेकडच्या रुग्णालयात होता. कित्येकजण तिथेच वारले आणि घरच्यांना कबर कुठे तेही कळलं नाही. याची माफी पंतप्रधानांनी २०१९ मध्ये मागितली. तारीख होती ८ मार्च.

आणि बाळंतपण. पूर्वी गावातली जाणती बाई बाळंतपण करी. जी बाळाला पहिला हात लावते, तिचं बाळाशी जन्मभराचं नातं. तिला म्हणतात 'सनाजी', म्हणजे घडवणारी. मुलगा मोठा होऊन पहिली शिकार करतो ती तिला नेऊन देतो. मुलगी आपली पहिली शिवलेली वस्तू तिला देते. १९७० नंतर सुरक्षिततेच्या नावाखाली गरोदर बायकांना विमानाने दक्षिणेच्या शहरांत पाठवायचा परिपाठ पडला. दिवस भरण्याआधी कितीतरी आठवडे. एकटीने. आपली भाषा येणारं कुणी नाही, आपलं अन्न नाही, मागे घरात लहान मुलं. बाळ जन्मायचं अनोळखी हातांत.

क्वेबेकच्या उत्तरेकडच्या पुविर्निटुक गावातल्या बायकांनी हे मान्य केलं नाही. १९८६ मध्ये तिथे प्रसूतिकेंद्र सुरू झालं. गावातल्याच इनुइट बायका सुईणी म्हणून रीतसर शिकल्या. फार धोक्याचं बाळंतपण असेल तर विमान आहेच. तो निर्णय सुईणी आणि डॉक्टर एकत्र बसून घेतात. पुढे १९९८ मध्ये इनुकजुआकला, मग सालुइतला अशी केंद्रं झाली. आपल्याकडे दाईला एका फटक्यात अडाणी ठरवून बाजूला केलं आणि दवाखाना मात्र तालुक्याच्या गावाला. त्या गावांनी सुईणीला शिकवलं, पगार दिला, आणि निर्णयाच्या बैठकीत खुर्ची दिली.

खुर्ची

खुर्चीचाच विषय निघाला म्हणून शेवटची गोष्ट. १ एप्रिल १९९९ ला कॅनडात नुनावुत हा नवा प्रदेश झाला. नुनावुत म्हणजे आमची भूमी. बहुसंख्य इनुइट. विधानसभा कशी असावी याची चर्चा आधी काही वर्षं चालली होती. एक सूचना अशी आली की प्रत्येक मतदारसंघातून दोन प्रतिनिधी निवडावेत, एक बाई आणि एक पुरुष. म्हणजे सभागृहात निम्म्या बायका. जगात कुठेच असं नव्हतं. २६ मे १९९७ ला त्यावर लोकांचं मतदान घेतलं. ५७ टक्के मतं विरोधात पडली. सूचना बारगळली. १९९९ च्या पहिल्या निवडणुकीत १९ जण निवडून आले, त्यात बाई एक. तीही या सूचनेच्या विरोधात बोलणारी.

दोन्ही बाजू काय म्हणत होत्या ते मी लक्ष देऊन वाचलं. पाठिंबा देणारे म्हणत, आमच्या परंपरेत स्त्री-पुरुषांचं काम जोडीने चालायचं, शिकार आणि सुई, म्हणून सभागृहातही जोडी हवी. विरोध करणारे म्हणत, आमच्या परंपरेत बाईला मानच आहे, तिला वेगळी जागा कशाला? परंपरा एकच. तिच्यावरून एकाने जागा मागितली, दुसऱ्याने नाकारली. आपण हे ऐकलेलं नाही का? 'तुम्ही तर गृहलक्ष्मी, तुम्हीच अन्नपूर्णा.' पंचायतीत एक तृतीयांश जागा १९९३ पासून, महाराष्ट्रात निम्म्या जागा २०११ पासून मिळाल्या. पण लोकसभा आणि विधानसभांसाठीचं विधेयक १९९६ मध्ये पहिल्यांदा मांडलं गेलं आणि घटनादुरुस्ती व्हायला २०२३ साल उजाडलं. तीही जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर लागू होणार, या अटीवर.

इनुइट बायका तिथे थांबल्या नाहीत. २००८ मध्ये ईवा आरिआक नुनावुतच्या पहिल्या महिला पंतप्रमुख झाल्या. २०२१ मध्ये मेरी सायमन कॅनडाच्या गव्हर्नर जनरल झाल्या, त्या पदावरच्या पहिल्या इनुक. इग्लूलिक गावात तर १९९१ पासून बायकांचा एक गट स्वतःच्या गोष्टींचे चित्रपट करतो आहे. पण घरांची भयंकर टंचाई आहे. मार खाणाऱ्या बाईने रात्री घर सोडायचं तर जायचं कुठे, हा प्रश्न तिथे आजही सुटलेला नाही. दिवा समारंभात पेटवला जातो, आणि आसऱ्याच्या घरासाठी पैसा मागावा लागतो.

म्हणून मघाचं वाक्य परत सांगते. काम मोलाचं असणं आणि बाईला मोल असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. गौरव फुकट मिळतो. हिस्सा मागावा लागतो.

आता घरचंच बोलते, राग मानू नका. मागच्या वर्षी आपल्या केंद्राची जागा बदलली तेव्हा शिवणवर्ग चार महिने बंद ठेवायचं ठरलं. मला ते ठरल्यावर कळलं. वर्गाला येणाऱ्या बायकांत दोघी अशा होत्या की दुपारचे ते दोन तास हेच त्यांचं घराबाहेर पडायचं कारण होतं. त्यातली एक परत आलीच नाही. तिचं काय झालं, मला माहीत नाही. त्याच वर्षी वर्धापनदिनाला शाल आणि श्रीफळ देऊन माझा सत्कार झाला, आणि 'आपल्या संघटनेचा कणा' असं माझ्याबद्दल म्हटलं गेलं. मी शाल घेतली. घरी जाऊन घडी करून ठेवली. कार्यकारिणीच्या बैठकीत शिवणवर्गाची, पाळणाघराची किंवा स्वयंपाकघराची एकही बाई नाही, हे त्या दिवशी मी बोलले नाही. आज बोलते आहे. आपण बाहेर सगळीकडे ५० टक्के मागतो. आपल्याच घरात मला दोन जागा हव्या आहेत. एक वर्गाची, एक पाळणाघराची. माझ्यासाठी नको, माझं वय झालं. त्या बायकांनी आपल्यातून निवडावी.

वर्गात आम्ही आता एक वही ठेवली आहे. प्रत्येकजण आपण काय शिवलं, किती वेळ लागला, कुणासाठी आणि पैसे मिळाले का, ते लिहिते. माझ्या आईने आयुष्यभर गोधड्या शिवल्या, शेजारणींच्याही शिवल्या. जनगणनेचा माणूस यायचा तेव्हा वडील दारातूनच सांगायचे, ती काही करत नाही, घरीच असते. आईही आतून तेच सांगायची. वहीत तिच्या नावाचं पान नाही. पण पहिल्या पानावर मी तो बिनआरपारचा टाका काढून ठेवला आहे, कुणाला शिकायचा असेल तर.

दुपारच्या सत्रात गटचर्चा आहे. त्यात माझ्या दोन जागांचा विषय घ्यावा, एवढीच विनंती. थांबते.